बरोक ऑपेरा आजच्या काळात बसवायचाय? 'जुलिओ चेझारे' घेऊन पहिल्यापासून बघू

पहिल्यांदा बरोक ऑपेरा (साधारण १६०० ते १७५० मधलं, युरोपातलं गाण्यातून चालणारं नाटक) बसवायला घेणारे बहुतेक जण सुरुवात कपड्यांपासून करतात. सीझरला टोगा द्यायचा का सूट, क्लिओपात्रा मुकुटात का गॉगलमध्ये, यावरच पहिल्या चार मीटिंगा जातात आणि मग त्या एका निर्णयावर अख्खं प्रॉडक्शन उभं करायला जातात आणि दुसऱ्या अंकात अडकतात, कारण ऑपेरा चालतो साडेतीन तास आणि सूट बघून होतो पाच मिनिटांत. म्हणून या लेखात कपडे जरा उशिरा येतील. आधी येईल ते असं की खोलीत कोण कोण आहे, कुणाच्या हातात सत्ता आहे आणि हा माणूस एकच कडवं दोनदा का गातोय. हे तीन प्रश्न सुटले की टोगा चालतो, सूट पण चालतो.

उदाहरण म्हणून संगीतकार हँडेलचा 'जुलिओ चेझारे इन एजित्तो' (म्हणजे 'इजिप्तमधला ज्युलियस सीझर') घेतोय. २० फेब्रुवारी १७२४ ला लंडनच्या हेमार्केटमधल्या किंग्ज थिएटरात पहिला प्रयोग झाला, शब्द निकोला हायमचे, आणि ते पण नवे नाहीत, व्हेनिसमध्ये १६७० च्या दशकात बुस्सानीने लिहिलेलं लिब्रेटो (ऑपेराचे शब्द) हायमने कापून, जोडून लंडनसाठी तयार केलं. गोष्ट इ.स.पू. ४८ ची. सीझर आपला रोमन प्रतिस्पर्धी पॉम्पी याचा पाठलाग करत इजिप्तला पोचतो, तिथला राजा टॉलेमी त्याला खूश करायला पॉम्पीचं मुंडकं भेट पाठवतो, सीझर भडकतो, टॉलेमीची बहीण क्लिओपात्रा गादीसाठी सीझरला आपल्या बाजूला ओढते, आणि पॉम्पीची बायको कॉर्नेलिया आणि मुलगा सेस्टो सूड घ्यायला निघतात.

आधी निवड पक्की करा

प्राचीन राजे-सम्राट हा बरोक काळाचा लाडका विषय, पण सगळे एका जातीचे नाहीत. मोंतेव्हेर्दीचा 'पोप्पेआ' १६४३ चा, व्हेनिसचा, नीरो आणि पोप्पेआ वाटेत येईल त्याला संपवतात आणि शेवटी सुखाने एकत्र येतात, तिथे वादक कमी लागतात पण वाद्यवृंदासाठी काय काय वाजवायचं हे हस्तलिखितात फारसं लिहिलेलंच नाही, ते तुम्हाला आणि म्युझिक डायरेक्टरला ठरवावं लागतं. हँडेलचाच 'आग्रिप्पिना' (१७०९) हा दरबारातल्या कारस्थानांचा, बराच खट्याळ. 'सेर्से' (१७३८) पर्शियाच्या राजाचा, सुरुवातीलाच तो एका झाडाच्या सावलीसाठी गातो. आणि आपल्याकडच्या लोकांनी एकदा तरी ऐकावा असा 'पोरो', १७३१ चा, झेलमकाठचा पोरस आणि अलेक्झांडर, शब्द मेतास्तासिओचे. त्याच लिब्रेटोवर अठराव्या शतकात कितीतरी संगीतकारांनी ऑपेरे केले, म्हणजे युरोपच्या रंगमंचावर पोरस भरपूर वावरलाय, फक्त आपल्याला ते माहीत नसतं.

नवख्याने 'चेझारे' घ्यावा असं माझं मत आहे, कारण प्रत्येक पात्राला काय हवंय हे स्पष्ट आहे आणि संगीत इतकं श्रीमंत आहे की तुमचं काही चुकलं तरी गायक तुम्हाला सांभाळून घेतात.

लिब्रेटो वाचा, रेकॉर्डिंग लावू नका

सुरुवातीला काही दिवस फक्त शब्द वाचा. इटालियन येत नसेल तर शब्दाखाली शब्द असं भाषांतर स्वतः लिहून काढा, कवितेसारखं नको, कच्चं चालेल, पण कुठल्या इटालियन शब्दावर काय अर्थ पडतोय ते दिसलं पाहिजे. मग एक मोठा कागद घ्या आणि प्रत्येक आरियासाठी (आरिया म्हणजे पात्राचं एकट्याचं पूर्ण गाणं) लिहा: गाणारा कोण, खोलीत अजून कोण आहे, तो कुणाला ऐकवतोय, गाण्याआधी वरचढ कोण होता आणि गाणं संपताना वरचढ कोण आहे, आणि गाऊन तो आत जातो का थांबतो. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे कारण या ऑपेरात पात्र आरिया गाऊन बहुतेक वेळा निघून जातं, ती त्या काळची रीतच होती, टाळ्या घ्यायच्या आणि विंगेत जायचं. आज तुम्ही त्याला थांबवू शकता, पण मग का थांबवलं ते माहीत पाहिजे.

हा कागद भरला की सत्ता कशी फिरते ते दिसायला लागतं. सीझर आणि क्लिओपात्रा दोघांनाही आठ-आठ आरिया आहेत, म्हणजे हँडेलने दोघांना समान तोलून ठेवलंय. क्लिओपात्राच्या आठ सलग वाचल्या तर पहिल्यात ती भावाला चिडवतेय, मग स्वतःच्या रूपावर भरवसा, मग सीझरला जाळ्यात ओढणं, मग त्याच्यावर खरंच जीव जडणं, मग 'से पिएता'मध्ये तो मरेल या भीतीने देवांकडे दयेची भीक, मग कैदेत रडणं आणि शेवटी वादळातून सुटलेल्या जहाजासारखी 'दा तेम्पेस्ते'. एक मुलगी राज्यकर्ती होते हा प्रवास त्या आठ गाण्यांत आहे, तुम्हाला वेगळा शोधायला जायची गरजच नाही.

इतिहास पण एकदा वाचून ठेवा, बदलायला नाही तर हायमने काय बदललं ते कळायला. खरा टॉलेमी तेरावा लढाईत हरून पळताना नाईलमध्ये बुडाला, ऑपेरात त्याला सेस्टो मारतो. खरा सेस्टो कॉर्नेलियाचा सावत्र मुलगा. सीझर तेव्हा पन्नाशी ओलांडलेला आणि क्लिओपात्रा साधारण एकवीसची, हे वयातलं अंतर संगीतात कुठेच ऐकू येत नाही, पण स्टेजवर दाखवायचं का हा निर्णय तुमचा. सीझर अलेक्झांड्रियात समुद्रात उडी मारून पोहत सुटला हे मात्र जुन्या इतिहासकारांनी लिहिलंय आणि ऑपेरात पण आहे.

आवृत्ती आणि काटछाट

हँडेलने पुढच्या वर्षांत हा ऑपेरा परत परत केला आणि दर वेळी गायकांप्रमाणे बदलला, १७२४ मध्ये सेस्टो एका बाईने गायला, मार्गेरिता दुरास्तांतीने, आणि १७२५ मध्ये तोच रोल टेनर (उंच पट्टीचा पुरुषी आवाज) बोरोसिनीसाठी नव्याने लिहिला. त्यामुळे 'पूर्ण चेझारे' असं काही एक नाही, कुठल्या वर्षाचा करताय ते पहिल्या दिवशीच म्युझिक डायरेक्टरबरोबर ठरवा. फुकटात बघायचं तर क्रिझांडरने १९ व्या शतकात छापलेली स्कोअर (स्वरलिपी) ऑनलाइन मिळते, अभ्यासाला उत्तम आहे, प्रयोगासाठी मात्र शक्य असेल तर नवीन संशोधित आवृत्ती भाड्याने घ्या.

कापायचं असेल (आणि बहुतेकांना कापावं लागतं) तर कृपा करून आरियाचा मधला भाग आणि परतीचा भाग (पहिलं कडवं शेवटी परत येतं तो, त्याबद्दल पुढे) कापू नका. विसाव्या शतकाच्या मध्यात हे सर्रास व्हायचं, पहिलं कडवं गायलं की पुढचं दृश्य, आणि सीझरचा आवाज खाली आणून बास-बॅरिटोनला द्यायचे, न्यूयॉर्क सिटी ऑपेराच्या १९६६ च्या गाजलेल्या प्रयोगात नॉर्मन ट्रिगलने तसाच गायला होता. त्या प्रयोगामुळे हा ऑपेरा अमेरिकेत लोकांना कळला आणि बेव्हर्ली सिल्स स्टार झाली, ते ऋण आहेच, पण आज तसं करू नये. अख्खी एक आरिया काढा, रेचिटाटिव्ह (गाण्यांच्या मधलं बोलणं) घट्ट करा, पण जी ठेवाल ती पूर्ण ठेवा. अर्धी आरिया म्हणजे पात्राने विचार सुरू केला आणि तुम्ही मध्येच त्याचं तोंड बंद केलंत.

आवाज कुणाचा

सीझर लिहिला होता सेनेसिनोसाठी, तो कास्त्रातो (लहानपणी खच्ची केल्यामुळे आवाज उंचच राहिलेला पुरुष गायक), आल्टो म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीच्या आवाजाचा. टॉलेमीसुद्धा कास्त्रातो. आज ते आवाज नाहीत, म्हणून दोन पर्याय: काउंटरटेनर (बायकांच्या पट्टीत गाणारा पुरुष) किंवा पुरुषवेषात मेझो (मधल्या पट्टीची) बाई. इंग्लंडमधल्या ग्लाइंडबोर्नला २००५ मध्ये सॅरा कॉनोली सीझर होती, २०११ ला पॅरिसमध्ये लॉरेन्स झाझो, २०१२ ला झाल्झबुर्गमध्ये आंद्रेआस शोल. दोन्ही पर्याय बरोबर आहेत, पण हा निर्णय फक्त संगीताचा नाही. मेझो सीझर घेतलात तर त्याची मर्दानी ऐट ही चालण्या-उभं राहण्यातून घडवावी लागते आणि ती कशी घडते हे प्रेक्षकाला दिसतं, सत्ता म्हणजे अंगावर चढवलेला एक पवित्रा आहे हे आपोआप कळतं. काउंटरटेनर घेतलात तर उंच आवाजातला पुरुष सेनापती, हे सुरुवातीला दहा मिनिटं नवीन प्रेक्षकाला वेगळं वाटतं, मग कान बसतो. त्याच्यावर कुठेही हसू येईल असं काही करू नका, तो ज्या क्षणी हास्यास्पद झाला त्या क्षणी गोष्ट संपली.

हॉल मोठा असेल तर काउंटरटेनर निवडताना आवाज खालच्या सुरांत किती पोचतो ते प्रत्यक्ष हॉलमध्येच ऐका, रिहर्सल रूममध्ये सगळे छान वाटतात.

सुरांवरून एक गोष्ट, जी नवख्यांना कुणी सांगत नाही. जुनी वाद्यं वापरणारा ग्रुप सूर लावायचा A हा स्वर बहुतेक वेळा ४१५ हर्ट्झवर लावतो, आजचा नेहमीचा ४४०, म्हणजे जवळपास अर्धा स्वर खाली. तुमच्या तालमीतला पियानो ४४० ला आणि वाद्यवृंद ४१५ ला असं झालं तर गायकांच्या गळ्यात बसलेलं सगळं शेवटच्या आठवड्यात सरकतं. पहिल्या तालमीपासून योग्य सुराचा हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) ठेवा, नसेल तर सूर खाली करता येणारा कीबोर्ड तरी.

आता कपडे, म्हणजे काळ आणि जागा

एक समजून घ्या, १७२४ मध्येसुद्धा कुणी पुरातत्त्वाचा अभ्यास करून इजिप्त उभा केला नव्हता. त्या काळचे नायक पिसांचे टोप, आखूड घेरदार झगे आणि अंगावर रोमन चिलखताची आठवण करून देणारं काहीतरी घालायचे, बायका त्या दिवसांतल्या दरबारी गाऊनमध्येच असायच्या. म्हणजे प्राचीन राजा आणि आजचा माणूस असं मिश्रण तेव्हाही होतंच. मॉडर्न करण्यात काही पाप नाही, तो या प्रकाराचा स्वभावच आहे.

तीन प्रॉडक्शन्स अभ्यासासाठी बघावीत. पीटर सेलर्सने १९८० च्या दशकात केलेलं, सीझर म्हणजे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आणि जागा म्हणजे मध्यपूर्वेतलं बॉम्ब पडलेलं लक्झरी हॉटेल. डेव्हिड मॅकव्हिकरचं ग्लाइंडबोर्न २००५, ब्रिटिश साम्राज्याचा काळ, मागे समुद्राच्या लाटा दाखवणारे लांब गोल फिरते दंड म्हणजे बरोक रंगमंचाचीच युक्ती, आणि डॅनिएल दे नीसची क्लिओपात्रा नाचते तेव्हा त्यात चक्क हिंदी सिनेमातल्या नाचाच्या अदा आहेत. आपण बघताना तो भाग दोन नजरांनी बघतो, मजाही येते आणि साम्राज्याच्या गोष्टीत आपला नाच कुठे बसवलाय हेही डोक्यात येतं, ते दोन्ही लिहून ठेवा. तिसरं लॉराँ पेलीचं, पॅरिस २०११, सगळं कैरोच्या म्युझियमच्या गोदामात घडतं, पुतळे ट्रॉलीवरून फिरतायत, कामगार वावरतायत आणि त्यांच्यामध्ये ही पात्रं जिवंत होतात.

तिघांचा काळ वेगळा, पण तिघांनीही एक प्रश्न पक्का पकडलाय: परक्या देशात येऊन तिथली गादी कुणाला द्यायची हे ठरवणारा माणूस आपल्याला आज कोण वाटतो? तुमची कॉन्सेप्ट या प्रश्नाला उत्तर देत असेल तर पुढे जा. नुसतं 'कॉर्पोरेट ऑफिस करूया' एवढंच असेल तर थांबा आणि तपासा. त्या ऑफिसात मुंडकं कोण पाठवतं? मृत नवऱ्याच्या बायकोला जनानखान्यात पाठवायची धमकी तिथे काय होते? राखेचा कलश कुठे ठेवतात? सगळ्या अवघड दृश्यांना तुमच्या जगात जागा सापडली तरच ते जग चालेल, आणि हे मॉडेल बनवायच्या आधी कागदावर करा, नंतर नेपथ्यकाराचे पैसे आणि जीव दोन्ही जातात.

इजिप्त दाखवताना एक सांभाळा. गोऱ्या गायकांच्या तोंडाला तपकिरी रंग फासून इजिप्शियन करायचं, कमरेला झुलती नाणी, साप, धूप, हे सोपं वाटतं आणि ते आजच्या प्रेक्षकाला दुखावतं, शिवाय नाटकाला काही देत नाही. रोमन आणि इजिप्शियन हा फरक दाखवायचाच आहे तर तो कोण खुर्चीवर बसतं, कोण कुणाच्या भाषेत बोलतं, कोण झडती देऊन आत येतं, यातून दाखवा.

परत येणारं कडवं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. बहुतेक आरिया तीन तुकड्यांच्या असतात: पहिला भाग, मग वेगळ्या भावाचा मधला भाग, मग पहिला भाग पुन्हा, गायकाच्या स्वतःच्या सजावटीसह. याला दा कापो म्हणतात. आपल्या कानाला खरं तर ही सवय आहे, नाट्यपदात तीच ओळ पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी जागा वेगळी घेतली जाते, त्यामुळे 'तेच तेच काय गातायत' हा प्रश्न मराठी प्रेक्षकाला तितका पडत नाही. पण दिग्दर्शकाला पडलाच पाहिजे. मधल्या भागात काहीतरी घडलं म्हणून पहिले शब्द आता वेगळे झाले, हे घडणं तुम्हाला शोधायचंय.

'पियान्जेरो' घ्या. क्लिओपात्रा कैदेत आहे, पहिला भाग संथ, मी माझ्या नशिबावर रडेन. मधला भाग एकदम वेगात, मेल्यावर भूत होऊन त्या जुलमी माणसाला रात्रंदिवस छळेन. आणि परत संथ, मी रडेन. नवखा दिग्दर्शक मधल्या भागात तिला इकडून तिकडे पळवतो आणि परतीच्या भागात ती पुन्हा पहिल्या जागेवर येऊन बसते, तसं केलं तर आपण काहीच पुढे गेलो नाही. मधल्या भागात तिने भूत व्हायची शपथ घेतलीये, म्हणजे मरणाची कल्पना तिने मनात पूर्ण करून झालीये. आता दुसऱ्यांदा जेव्हा ती 'रडेन' म्हणते तेव्हा ते रडणं भीतीचं उरत नाही, ती स्वतःचा निरोप घेतेय. गायिकेला एवढं सांगितलंत तर ती सजावट पण वेगळी करेल, सूर खाली ठेवेल, श्वास जास्त घेईल, हालचाल तुम्ही लावून द्यायची गरज राहणार नाही.

सेस्टोच्या 'स्वेल्याते​वी नेल कोरे'मध्ये उलटं आहे, सुरुवात सूडाच्या आगीची, मधला भाग संथ, बापाचं भूत त्याला हाक मारतंय, आणि मग परत आग. मधल्या भागात मुलगा खरंच काहीतरी बघतो. मग परतीची आग ही आता त्याची स्वतःची नाही, बापाने सोपवलेली आहे, आणि पोरगं त्या ओझ्याखाली किती लहान दिसतं ते दाखवता येतं.

आणि 'वादोरो, पुपिल्ले', दुसऱ्या अंकाची सुरुवात. क्लिओपात्रा 'लिदिया' नावाची दासी असल्याचं सोंग करतेय आणि सीझरसाठी तिने एक देखावा रचलाय, पार्नासस पर्वत, नऊ म्युझेस (कलांच्या देवी), आणि वाद्यवृंदातला एक गट स्टेजवर, त्यात हार्प, थिऑर्बो (लांब मानेचं, छेडून वाजवायचं तंतुवाद्य), व्हियोला दा गांबा (चेलोसारखं जुनं वाद्य). ती गाते, मधला भाग होतो, आणि परतीच्या आधी सीझर न राहवून मध्येच बोलतो, की स्वर्गातल्या देवाकडेही असं गाणं नसेल. मग ती पहिला भाग परत गाते. हँडेलने इथे दा कापोचं कारण स्वतः लिहून दिलंय, ती परत गाते कारण मासा गळाला लागलाय हे तिला कळलंय. या एका जागेचा नीट अभ्यास करा, मग बाकीच्या आरियांत कारण कसं शोधायचं ते कळेल. आणि ते वादक शक्यतो खरंच स्टेजवर आणा, पिटातून (स्टेजसमोरच्या वादकांच्या खोलगट जागेतून) वाजवलं तर हा सापळा तिने रचलाय हेच निसटतं.

एक व्यवहारी सूचना. वाद्यवृंदाची सुरुवातीची आणि मधली वाजवणी, जिथे गाणं नसतं, तिथेच कृती ठेवा. गायक अवघड ताना घेतोय तेव्हा त्याला सुटकेस उचलायला लावू नका. 'वा ताचितो'मध्ये सीझर टॉलेमीला लबाड शिकाऱ्यासारखं दबकत चालण्याबद्दल सुनावतो आणि त्याच्याबरोबर हॉर्न एकटा वाजतो, तिथे दोन राज्यकर्ते एका खोलीत हसून बोलतायत आणि दोघांना माहितीये की विष कधीही येईल. ते नुसते टेबलाभोवती सावकाश फिरले तरी पुरतं.

बोलण्याचे भाग

आरियांच्या मधले रेचिटाटिव्ह म्हणजे बोलणं, फक्त हार्पसिकॉर्ड, चेलो, थिऑर्बो साथीला. गोष्ट सगळी इथे घडते आणि नवखे इथेच आळस करतात. स्वरांशिवाय, नाटकाच्या वाचनासारखं, टेबलाभोवती बसून सगळं वाचा, आधी आपल्या भाषेत मग इटालियनमध्ये, मग बोलण्याच्या वेगात स्वर घाला. लिहिलेली लय कडक पाळायची नसते, वाक्य जसं पडेल तसं. आणि साथीचे वादक पहिल्या आठवड्यापासून तालमीत हवेत, कारण सीझर किती वेळ गप्प राहून उत्तर देणार हे हार्पसिकॉर्डवाल्याला त्याच्या चेहऱ्यावरून कळायला हवं.

एक जागा वेगळी काढून ठेवा, 'आल्मा देल ग्रान पोम्पेओ'. सीझर पॉम्पीच्या अस्थिकलशासमोर उभा आहे, सगळ्या तंतुवाद्यांची साथ, आणि म्हणतो की काल सगळं जग जिंकणारा तू आज एका कलशात मावतोस. अख्ख्या ऑपेरात सत्तेबद्दल इतकं उघडं दुसरं काही नाही. इथे त्याला एकटा ठेवा, हातात काही देऊ नका, आणि मागे व्हिडिओ वगैरे अजिबात लावू नका.

मुंडकं, तलवार, अंगाला हात

पॉम्पीचं मुंडकं दाखवायचं का? दाखवलंत आणि ते रबरी दिसलं तर लोक हसतात. पेटी, झाकण, कॉर्नेलियाचा चेहरा, एवढ्यावर भागतं आणि जास्त भीती वाटते. दाखवायचंच असेल तर ती प्रॉपर्टी चांगल्या माणसाकडून बनवून घ्या आणि हॉलच्या शेवटच्या रांगेतून बघा.

कॉर्नेलियाची दृश्यं फार जबाबदारीने करा. नवऱ्याचं मुंडकं बघितल्याच्या क्षणापासून तिच्यामागे सीझरचा अधिकारी कुरिओ, टॉलेमीचा सेनापती अकिला, मग टॉलेमी असे एकामागून एक पुरुष लागतात, ती जीव द्यायला बघते, तिला अडवलं जातं. अंगाला कोण कुठे हात लावणार हे आधी शब्दांत ठरवा, गायिकेची संमती घ्या, इंटिमसी कोऑर्डिनेटर असेल तर उत्तम, नसेल तर हालचाल आखून लिहून ठेवा आणि प्रयोगात कुणी एका बोटाने पण त्यात बदल करायचा नाही. हत्यारांचं तसंच, बंदूक खोटी असली तरी रोज एकाच माणसाने द्यायची, त्यानेच परत घ्यायची आणि कपाटाला कुलूप.

तालमींचं वेळापत्रक

युरोपातल्या थिएटरांत नव्या प्रॉडक्शनला साधारण पाच ते सहा आठवडे मिळतात. पहिले काही दिवस फक्त संगीत. मग ब्लॉकिंग (कोण कुठे उभं राहणार, कसं हलणार हे आखणं), आणि ते क्रमाने नको, आधी दोन-तीन माणसांची अवघड दृश्यं घ्या, सगळे एकत्र असलेले प्रसंग नंतर. पाठांतर पहिल्या दिवशी झालेलंच हवं, त्यात सूट देऊ नका. चौथ्या आठवड्यात न थांबता एकेक अंक पळवा, इथे कळतं की टॉलेमीला जनानखान्यातून सुटून रणांगणावर यायला कपडे बदलायला वेळच नाहीये. मग वाद्यवृंदाबरोबर बसून गाणं, ज्याला सिट्झप्रोबे म्हणतात, त्या दिवशी दिग्दर्शकाने फक्त ऐकायचं, नोट्स द्यायच्या नाहीत. मग स्टेजवर वाद्यवृंदासह, आणि शेवटी रंगीत तालीम.

गायकांचा गळा सांभाळा. तालमीत ते हलक्या आवाजात गात असतील तर त्यांना हटकू नका, क्लिओपात्राला एका संध्याकाळी आठ आरिया आणि वर शेवटचं द्वंद्वगीत गायचंय.

नेपथ्य आणि प्रकाशाबद्दल थोडक्यात. बरोक रंगमंचावर दृश्य प्रेक्षकांसमोरच, पडदा न पाडता, काही सेकंदांत बदलायचं, स्टॉकहोमजवळच्या द्रोटनिंगहोम थिएटरात १७६६ ची लाकडी यंत्रणा अजून चालते, तिचे व्हिडिओ बघा. तुमचा सेट बदलायला दोन मिनिटं अंधार लागत असेल तर तो सेट या ऑपेराचा नाही. प्रकाश आरियाच्या तुकड्यांबरोबर बदलू द्या, ओळीओळीला नको.

सरटायटल (प्रयोग चालू असताना स्टेजच्या वर दाखवतात ते भाषांतर) स्वतः वाचून तपासा. परतीच्या भागात ओळी पुन्हा दाखवू नका, लोकांनी तेव्हा चेहऱ्याकडे बघायचंय. मुंबई-पुण्यात करत असाल तर मराठी सरटायटल द्याच, छोटी वाक्यं, बोलीच्या जवळची, जुन्या पौराणिक नाटकातली भाषा नको, नाहीतर कपडे आजचे आणि शब्द शंभर वर्षांपूर्वीचे असं होतं.

शेवटचं दृश्य, आणि पैसे नसतील तर

शेवटी अलेक्झांड्रियाच्या बंदरावर सीझर क्लिओपात्राला राणी करतो, द्वंद्वगीत होतं आणि सगळे मिळून आनंदाचं कोरस गातात. हँडेलच्या काळी वेगळा कोरस नसायचा, सोलो गायकच ते गायचे, म्हणजे मेलेला टॉलेमी आणि मेलेला अकिला यांचे आवाज पण त्यात लागतात. तुम्हाला ठरवावं लागेल ते विंगेतून गाणार, का रक्ताळलेल्या कपड्यांत परत येणार, का प्रेक्षकांत बसणार. हा आनंद खरा आहे का रोमच्या फायद्याचा तह आहे, हे तुमच्या प्रॉडक्शनने जे मत मांडलंय त्यावरून ठरतं, आणि ते शेवटच्या आठवड्यात नाही तर त्या पहिल्या मोठ्या कागदावरच लिहून ठेवा.

अख्खा ऑपेरा परवडत नसेल, आणि पहिल्या वेळी परवडतच नाही, तर पहिल्या अंकाचा शेवट घ्या: कॉर्नेलिया आणि सेस्टो यांना वेगळं करून नेतात, आणि दोघं 'सोन नाता आ लाग्रिमार' गातात, आई-मुलाचा निरोप. दोन गायक, एक हार्पसिकॉर्ड किंवा कीबोर्ड, एक चेलो, जमलं तर दोन व्हायोलिन, दोन पहारेकरी, एक रिकामी खोली. त्याच्या आधीचं रेचिटाटिव्ह पण घ्या म्हणजे अकिलाही लागेल. पंधरा-वीस मिनिटांचा तुकडा होतो, महिनाभर संध्याकाळी तालीम करून बसतो, आणि त्यात वरचं सगळं एकदा करून बघता येतं: कोण कुणाच्या ताब्यात आहे, पहारेकरी कधी हात लावतात, आणि निरोपाच्या ओळी दुसऱ्यांदा येतात तेव्हा दोघं एकमेकांपासून किती लांब उभे आहेत.